मलिकेचा पाय आणि माझी टाच

तुझी शोकसभा परवा झाली, शरयू. तू नव्हतीस ते एका परीने बरंच झालं. वेळ साडेपाचची होती, अध्यक्ष पावणेसातला आले आणि तोवर लोकांनी आपलं दुःख चहाबरोबर संपवून टाकलं होतं. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या. त्यांतल्या चौघांनी तुला कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तेच सगळ्यांत जास्त बोलले. पाहिलेल्या तिघांना बोलता येईना.

मागे फ्लेक्स होता. 'मुक्या प्राण्यांची माऊली'. तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. "मुके? एक दिवस दवाखान्यात येऊन बसा म्हणावं त्यांना." फ्लेक्सवरचा फोटो कासमभाईंच्या तबेल्यातला. तुझ्याशेजारी मलिका उभी होती, पण शोकसभेच्या फ्लेक्सवर घोडी बरी दिसत नाही म्हणून कुणीतरी तिला कापून काढलं होतं. कापणारा घाईत असावा. तुझ्या डाव्या खांद्यावर एक पांढरा कान राहून गेला. पुढच्या रांगेतल्या बायकांना तो गजरा वाटला असेल. मी सगळा वेळ त्या कानाकडे बघत बसलो होतो. मनात मलिकेला म्हटलं, आलीस का इथेही.

मग एक वक्ते उठले आणि म्हणाले, "डॉक्टरबाईंनी आपल्या पनवेलमध्ये स्टेम सेलचा यशस्वी प्रयोग करून दाखवला!" टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरले बिचारे.

तो प्रयोग यशस्वी झाला नव्हता. का झाला नव्हता, हे जगात एकट्या मलाच ठाऊक आहे, असं मी परवा संध्याकाळपर्यंत समजत होतो. म्हणून हे लिहितोय. शोकसभेत माझंही नाव पत्रिकेवर होतं, 'मनोगत' या सदराखाली. मी उभा राहिलो, नमस्कार केला आणि खाली बसलो.

आपल्या घरात प्राणी तुझे आणि पुस्तकं माझी, अशी वाटणी होती. तू सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, मी वाचनालयात ग्रंथपाल. तुझ्याकडे येणारे चावायचे, माझ्याकडे येणारे पेपर तोंडावर घेऊन झोपायचे. संध्याकाळी तू म्हशीची अडलेली वेण सांगायचीस आणि मी कुणी कुठल्या पुस्तकाची पानं फाडून नेली ते सांगायचो. मला वाटायचं, बरं चाललंय. मलिका येईपर्यंत चाललंही होतं.

कासमभाईंच्या वडिलांचा टांगा स्टेशनवरून गावात यायचा. रिक्षा आल्या, टांगा गेला, घोडा राहिला. घोड्याला पनवेलात मग एकच नोकरी उरली, नवरदेव वाहण्याची. विमानतळ येणार, येणार म्हणून आसपासच्या जमिनींना भाव आला आणि वरातींची लांबी वाढत गेली. मलिका ही त्या धंद्यातली राणीच. पांढरीशुभ्र, कपाळावर आरशांची पट्टी. बँडने सूर धरला की पुढचे पाय आळीपाळीने उचलून नाचायची, आणि शेवटी नवरदेवासकट मागच्या दोन पायांवर उभी राहायची. त्या क्षणी नवरदेवाच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो संसारात पुढे उपयोगी पडत असावा.

एका वरातीत ती अशी उभी राहिली आणि उतरताना उजव्या पुढच्या पायावर सगळा भार आला. दुसऱ्या दिवशी कासमभाईंनी तिला टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं. तुझा डबा द्यायला मी आलो होतो, म्हणून हे मी पाहिलंय.

"बाई, पाय टेकवतच नाय हो ही. नस तुटली काय?"

तू गुडघ्यावर बसलीस आणि तिच्या पायाच्या नळीच्या मागच्या बाजूला हात लावलास. तळहात नाही, हाताची मागची बाजू. वरून खाली, खालून वर. तिने कान मागे टाकले होते, ते हळूहळू पुढे आले.

"तुटलेली नाही. आतून फाटली आहे. मधे पोकळी झाली असणार."

"चाचा म्हणतो, डाग द्या. तापल्या सळईने."

"डाग दिला की माणसाला वाटतं, आपण काहीतरी केलं. घोडीला फक्त दुखतं."

"मग करायचं काय? हिला इकायची नाय मला."

तू विचार करत असताना तुझा हात तिच्या पायावर तसाच राहिला होता. डबा हातात धरून मी उभा होतो आणि पहिल्यांदा मला ते वाटलं, जे पुढे दोन वर्षं वाटत राहिलं. त्याला मत्सर म्हणायचं हे मला कळत होतं. साठीकडे झुकलेल्या, बऱ्यापैकी वाचलेल्या माणसाला एका घोडीचा मत्सर वाटतो, हे कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर मी पुढची पानं चाळली असती.

तुझ्या वर्गात तू एकटी मुलगी होतीस, त्या वर्गातले तुझे एक मित्र मुंबईत संशोधन करत होते. रेसच्या घोड्यांच्या फाटलेल्या कंडरांत त्याच घोड्याच्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचून बघायच्या, असं ते काम. 'कंडरा' हा शब्द मीच तुला शोधून दिला होता, आठवतं? तू आणि कासमभाई शेवटपर्यंत नसच म्हणालात. माझं या प्रकरणातलं एकमेव चांगलं योगदान, तेही कुणी वापरलं नाही.

तिथे घ्यायचे ते घोडे खानदानी. त्यांच्या पणजोबांची नावं कागदावर. मलिकेचं घराणं टांग्यापाशी संपत होतं. तू तीनदा मुंबईला गेलीस. तिसऱ्यांदा ते म्हणाले म्हणे, "शरयू, वरातीच्या घोडीला कोण विचारतंय?" तू म्हणालीस, "मी विचारतेय." आणि तिचं नाव यादीत घालून आलीस.

माझ्यासाठी तू कुणाला तीनदा भेटायला गेली असतीस का, असं मी त्या दिवशी विचारलं नाही. आज विचारतोय.

कासमभाईंना तू समजावून सांगितलंस ते मात्र मला मनापासून आवडलं होतं. तू म्हणालीस, "नस आपली आपण भरते, कासमभाई. पण ते ठिगळ असतं. रेशमावर गोणपाटाचं. ताण आला की ठिगळाच्या कडेला पुन्हा फाटते. या पेशी म्हणजे रफूगार. तिच्याच छातीच्या हाडातून थोडा मगज काढायचा, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि जिथे भोक आहे तिथे नेऊन सोडायच्या. धाग्याला धागा जुळवतील अशी आशा आहे."

"आशा हाय, की खात्री?"

"आशा."

"आमची अम्मी रफू करायची, बाई," कासमभाई म्हणाले. "रफू चालू असताना कापड हलवलं की चापट द्यायची."

"बस. एवढंच लक्षात ठेवा. कापड हलवायचं नाही."

छातीच्या हाडातून मगज काढला तेव्हा मलिका झोपेच्या औषधात उभी होती आणि तू तिच्या कानात काहीतरी बोलत होतीस. लशींच्या बर्फाच्या डब्यातून तो नमुना घेऊन तू स्वतः मुंबईला गेलीस. तीन आठवड्यांनी तुझे मित्र सोनोग्राफीचं यंत्र आणि पेशींची कुपी घेऊन आले. कुपीत पाण्यासारखं काहीतरी, चमचाभरसुद्धा नाही. पडद्यावर करड्या रेघांच्या मधोमध काळं भोक होतं. सुई त्या भोकात गेली, चमचाभर पाणी गेलं, संपलं. मी म्हणालो, "एवढंच?" तू म्हणालीस, "एवढंच. आता वर्षभर चालणं."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते मिटायच्या आत तू गेलीस.

मी म्हणायचो, "समजा ती बरी झाली. पेशींनी झाली की विश्रांतीने, हे कसं कळणार?"

"एका घोडीवरून नाही कळणार."

"मग कशासाठी हा खटाटोप?"

"अहो, पुष्कळ एकेक घोड्या झाल्या की कळेल. त्यांतली एक ही. तिची नोंद नीट व्हायला पाहिजे, एवढंच."

म्हणजे मी शंकेखोर, आणि तू माझ्यापेक्षा मोठी शंकेखोर. फरक एवढाच, की तुझी शंका रोज पहाटे उठून कामाला जायची.

सहा वाजता तू निघायचीस. आधी पाच मिनिटं चालवणं, सपाट जमिनीवर, तू स्वतः दोर धरून. महिन्याने दहा. मग पंधरा. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला तू एक कागद चिकटवला होतास. तारीख, मिनिटं, पाय गरम की गार. माझा चहा झाकून ठेवलेला असायचा. झाकलेल्या चहावर जी साय येते, तिच्याकडे बघत मी पेपर वाचायचो. तू परतायचीस ती घोडीचा वास घेऊन आणि खुशीत.

एकदा मी म्हणालो, "मीही येतो." तू म्हणालीस, "या की." तबेल्याशी पोचलो, कासमभाईंनी मला दाणा-चंदीच्या पिंपावर बसवलं आणि तू तिला घेऊन गाढी नदीच्या काठाने निघालीस. मला 'अहो', तिला 'अगं'. लग्नाला इतकी वर्षं होऊन मी 'तुम्ही'च राहिलो होतो आणि ही आठ महिन्यांत 'तू' झाली होती. पार टोकाला जाऊन तुम्ही वळलात. तू तिला काहीतरी सांगितलंस आणि स्वतःच हसलीस. मोठ्याने, मान मागे टाकून. इतक्या लांबून मला शब्द कळले नाहीत. परत आल्यावर विचारलं, "काय सांगत होतीस तिला?" "काही नाही हो, असंच." ते असंच काय होतं, हे आता मला कोण सांगणार? तिला विचारायची सोय नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वाचनालयात शिडीवरून उतरताना माझी शेवटची पायरी चुकली आणि टाचेच्या वर कुणीतरी काठी मारावी तसा आवाज आला. टाचेची कंडरा अर्धी फाटली. योगायोगाला काही मर्यादा असते, असं वाचकांना वाटेल. मलाही वाटलं. तुला मात्र हसू आवरेना.

हाडांच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. मी तुला म्हणालो, "त्या कुपीतलं थोडं उरलंय का?"

"ते तिचं आहे. तुमच्यात चालायचं नाही."

"मग माझ्या छातीतून काढ. मगज आहे अजून, लोक काही म्हणोत."

"माणसाला शंभर परवानग्या लागतात. घोडीला मालकाची पुरते."

"मग तू मालकीण नाहीस का माझी?"

"तुमच्या आईने लग्नात उलटं सांगितलं होतं," तू म्हणालीस. मग गंभीर झालीस. "मलिकेच्या पायात भोक होतं, ते भरायला काहीतरी हवं होतं. तुमच्या टाचेला सहा आठवडे आणि मग रोज चालणं, एवढं पुरेल. आणि ज्याची मला खात्री नाही ते मी तुमच्यावर करणार नाही."

म्हणजे तिच्यावर तू ते केलंस, ज्याची तुला आशा होती, आणि मला ते दिलंस, ज्याची खात्री होती. आज हे वाक्य लिहिताना कळतं की हे प्रेम होतं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं, की आशा तिच्या वाट्याला गेली.

आता जे कधी बोललो नाही ते.

प्लास्टरचा चौथा आठवडा होता. सकाळी मलिकेला वीस मिनिटं चालवून तू परस्पर आदिवासी वाडीवर शेळ्यांच्या लसीकरणाला गेली होतीस. तिथे मोबाइल लागायचा नाही. अकराच्या सुमारास घरातला फोन वाजला. मी कुबडीवर उड्या मारत पोचलो.

"सर, कासम बोलतो. बाई घरात हायेत का?"

"काय झालं?"

"एक लग्न आडलंय हो. घोडा येणार होता कर्जतहून, त्याला पोटशूळ. नवऱ्याचा बाप दारात बसलाय. मंडपापासून मारुतीपर्यंत, दहा मिनटांची वाट. नाचवणार नाय, निसती चालवणार. बाई हो म्हणाल्या तरच. नायतर नाय."

शरयू, मला 'ती घरी नाही' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. समोर फ्रिजशेजारी तो कागद होता, त्यावर तुझ्या अक्षरात पाच महिने: गार, गार, गार. बाजूला झाकलेला चहा. मी म्हणालो, "थांबा, विचारतो."

रिसीव्हरवर हात ठेवला. भिंतीकडे बघितलं. तू आत असतीस तर जेवढा वेळ लागला असता तेवढा थांबलो. या खोटेपणातली ही कारागिरी मला सगळ्यांत जास्त छळते. मग हात काढून म्हणालो, "ती म्हणते, चालेल."

"अल्ला भलं करो," कासमभाई म्हणाले.

मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आता सांगत नाही. मला ते रफूकाम उसवायला हवं होतं. तो कागद भिंतीवरून उतरायला हवा होता.

पुढचं तुला माहीत आहे. दहा मिनिटांचा रस्ता, त्याला दीड तास लागला, कारण नवरदेवाच्या मित्रांना प्रत्येक चौकात नाचायचं होतं. कासमभाई लगाम गच्च धरून होते. पण बँडने सूर धरला आणि मलिकेला कुणी सांगावं लागलं नाही. तिला तेवढंच तर शिकवलेलं होतं. ती नाचली. कासमभाई दोन्ही हातांनी लोंबकळले तरी नाचली. आणि उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तू आठ वाजता परत आलीस. बूट काढलेस. मी पेपरमागे होतो.

"पाय परत गरम झालाय," तू म्हणालीस.

"कसा काय?"

"वरातीला नेली होती."

"कुणी?"

"कासमभाईंनी."

मी वाट बघत होतो. पुढचं वाक्य येईल, 'तुम्ही हो म्हणालात म्हणून' असं. ते आलं नाही. तू हात धुतलेस, कागदापाशी गेलीस, त्या दिवसाच्या चौकोनात 'गरम' लिहिलंस आणि चहा पुन्हा तापवलास. दोघांचा. मी सुटकेचा श्वास घेतला. समजलो, कासमभाईंनी फोनची गोष्ट सांगितलीच नाही. लाज वाटली असेल, किंवा मला सांभाळून घेतलं असेल. त्या दिवसापासून मी कासमभाईंना टाळत आलो. बाजारात ते दिसले की मी भाजी बघायला लागायचो, आणि तुला ठाऊकच आहे, मला भाजीतलं काही कळत नाही.

तू मुंबईला पत्र लिहिलंस. ते पाकिटात घालण्यापूर्वी टेबलावर होतं, मी वाचलं. 'ही घोडी यादीतून वगळावी. ठरलेला व्यायामक्रम मोडला गेला. पेशींचा उपयोग झाला की नाही, हे आता या घोडीवरून सांगता येणार नाही.' तीन वाक्यं आणि सही. कुणाचं नाव नाही. त्या रात्री तू जेवली नाहीस, आणि मी सगळं संपवलं.

आणि मग ती गोष्ट, जी मी माझा विजय समजलो. त्याच आठवड्यापासून तू रोज सकाळी निघण्याआधी अर्धा तास माझ्याजवळ बसायला लागलीस. प्लास्टर निघाल्यावर माझी टाच मांडीवर घ्यायचीस आणि तिला हाताची मागची बाजू लावायचीस. वरून खाली, खालून वर. भिंतीवर नवा कागद आला. त्यात दोन रकाने होते. एकावर 'म.' आणि दुसऱ्यावर 'अहो'. दोघांचीही पाच मिनिटांपासून सुरुवात.

"चला की माझ्याबरोबर," तू म्हणालीस. "तिचीही पाचच मिनिटं आहेत. तिघंजण चालू."

मी म्हणालो, मला घोड्यांच्या वासाने शिंका येतात. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, फार वेळ नाही. "बरं," म्हणालीस. पुन्हा चारदा-पाचदा विचारलंस. मग विचारायचं सोडलंस. मी माझी मिनिटं सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीभोवती काढली.

मलिका दीड वर्षाने न लंगडता चालायला लागली. पुन्हा नाचली नाही. तिचा पाय किती रफू आणि किती ठिगळ, हे तुलाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. कासमभाईंनी तिच्यासाठी नवं गिऱ्हाईक शोधलं, घोड्यावर बसायला घाबरणारे नवरदेव. अशांची पनवेलात कधीच कमतरता नव्हती. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा कुणा पुढाऱ्याला मिरवणुकीत तिच्यावर बसवायचं चाललं होतं. कासमभाई म्हणाले म्हणे, "बाईंनी वजन बघून बसवायला सांगितलंय." तू हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होतीस.

परवा शोकसभा संपली, अध्यक्षांची गाडी गेली, आणि सतरंज्या गोळा होत असताना कासमभाई माझ्यापुढे येऊन उभे राहिले. सात वर्षांत पहिल्यांदा मला बघायला भाजी नव्हती. ते म्हातारे झालेत. मेंदी लावतात, ती मुळाशी पांढरी दिसते.

"सर, ते भाषणवाले बोलले ते सगळं ठीक," ते म्हणाले. "पर बाई किती मोठ्या होत्या ते त्यांना म्हाईत नाय. मला म्हाईत हाय."

मी निघायला वळलो.

"मलिकेचा पाय दुसऱ्यांदा गेला ना, त्या सकाळी बाई आल्या. मी रडत होतो. म्हटलं, बाई, तुमी हो म्हणालात म्हणून नेली. सरांनी फोन धरून तुमाला विचारलं, तुमी आतून हो म्हणालात. बाई उभ्या राह्यल्या. येक शब्द नाय. मलिकेच्या मानेवर हात ठेवून उभ्या. मग म्हणाल्या, 'हो, मीच म्हणाले, कासमभाई. माझी चूक झाली. मला माफ करा.' हात जोडले हो मला! येवढी शिकलेली बाई, टांगेवाल्याच्या पोराला हात जोडते? कोण करतो सर आजकाल, आपली चूक कबूल?"

शरयू, मी तिथेच एका खुर्चीवर बसलो. माझ्याच वाचनालयाची खुर्ची, एक पाय डुगडुगणारी.

तू त्या दिवशी वाडीवर होतीस. आतून हो म्हणायला तू घरात नव्हतीसच. कासमभाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुला सगळं कळलं असणार. मलिकेच्या मानेवर हात ठेवून तू जेवढा वेळ उभी राहिलीस, तेवढ्या वेळात तू माझी चूक उचललीस, आपल्या अंगावर घेतलीस आणि घरी येऊन माझा चहा तापवलास. आणि मग रोज सकाळी माझी टाच मांडीवर घेऊन हाताची मागची बाजू. मला वाटत होतं, मी जिंकलो. खरं तर तू माझं निदान केलं होतंस.

तू रागावली का नाहीस? की रागावली होतीस? 'चला की माझ्याबरोबर' असं तू चारदा-पाचदा म्हणालीस, ते मी कबूल करावं म्हणून होतं, की करावं लागू नये म्हणून? मी मृत्यूवरची पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. मागे राहिलेल्याला इतके बारीक प्रश्न पडतात, असं कुठे वाचल्याचं आठवत नाही.

आणि खरं सांगायचं तर तिथे बसल्या बसल्या पहिल्यांदा जे वाटलं तो पश्चात्ताप नव्हता. पुन्हा तेच वाटलं. तू हात जोडलेस ते या माणसाने पाहिलं, मी नाही. त्या वेळी तुझा चेहरा कसा होता ते त्या घोडीने पाहिलं, मी नाही. आपल्या संसारातला सगळ्यांत मोठा प्रसंग तबेल्यात घडला आणि मी घरी पेपर वाचत होतो.

"कासमभाई," मी म्हणालो, "शरयू त्या दिवशी घरात नव्हती."

ऐकायला ते खाली वाकले.

"वाडीवर होती, शेळ्यांना लस द्यायला. मी कुणाला विचारलं नाही. रिसीव्हरवर हात ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. हो मी म्हणालो."

सतरंज्या उचलणारे आतबाहेर करत होते. कासमभाई ताठ उभे राहिले. मला वाटलं, एक सणसणीत शिवी येईल. यायला हवी होती.

"का, सर?" एवढंच म्हणाले.

"मला तिचा मत्सर वाटायचा. मलिकेचा."

ते हसले नाहीत. या गोष्टीला मी स्वतःसुद्धा हसलो असतो. मग म्हणाले, "आमच्या घरात पण बायको असंच बोलायची. घोडी की मी, ते येकदा काय ते सांगा, म्हणायची." आणि थोड्या वेळाने, "उद्या सहाला या. बाई गेल्यापासून ती नीट चालत नाय माझ्याबरोबर."

काल सकाळी गेलो. टाच सकाळची अजून आखडते, पहिली पन्नास पावलं मी बदकासारखा चालतो. कासमभाईंनी दोर माझ्या हातात दिला. मी मलिकेपुढे गुडघ्यावर बसलो, ते मला सोपं नाही, आणि तिच्या उजव्या पायाला हाताची मागची बाजू लावली. नळीच्या मागे एक जाड, ओबडधोबड फुगवटा आहे. माझ्या टाचेच्या वर आहे अगदी तसाच. गार होता. घरी जाऊन कुठे लिहू, असा प्रश्न पडला. भिंतीवरचा कागद तू केव्हाच काढलास.

शोकसभेतले ते वक्ते आणि त्यांचं ऐकून टाळ्या वाजवणारे यांच्यासाठी हे छापायला देतोय, की प्रयोग यशस्वी झाला नव्हता आणि अयशस्वीही झाला नव्हता. तो मोडला गेला होता. मोडणारा मी. डॉक्टरबाईंच्या नावावरची एक चूक कमी करावी.

तर काल मी उठलो, दोर धरला आणि 'चल' म्हणालो. मलिका हलली नाही. पुन्हा म्हणालो. तिने मान वर केली, कान पुढे केले आणि माझ्या खांद्यावरून मागे, तबेल्याच्या फाटकाकडे बघितलं. मीही वळून बघितलं. फाटकात कुणी नव्हतं. आम्ही दोघंही बराच वेळ तिकडेच बघत उभे होतो.

मग मी म्हणालो, "चल गं." आणि ती चालायला लागली. पाच मिनिटं.